चार वाजताची खारी आणि आपल्या गावची बेकरी

दुधनाकाठ

चार दिवसांसाठी परभणीला आलोय. काल दुपारी लाइट गेली, घरात जीव लागेना, म्हणून उन्हातच बाहेर पडलो आणि स्टेशनकडच्या जुन्या बेकरीसमोर नेमका चारच्या सुमारास पोचलो. (बेकरीचं नाव सांगत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी पण गुमान राहावं. तिथं आधीच पाचला पत्रा रिकामा होतो.)

पोऱ्या आतून काळाकुट्ट पत्रा दोन्ही हातांत फडकी धरून घेऊन आला. त्यावरची खारी अजून तडतडत होती. खरंच सांगतो, कान दिला तर थंड होताना तिचा बारीक आवाज येतो. पाव किलो सांगितली आणि बांधून व्हायच्या आधीच एक उचलली. वरचा पापुद्रा दाताखाली गेला तो गेलाच, आतले पदर मात्र ऊन होते आणि मधोमध एक मऊ, किंचित ओलसर पट्टा होता. हा पट्टा तासाभरात नाहीसा होतो. डब्यातल्या खारीला तो कधीच सापडत नाही. शर्टावर चुरा, मिशीत चुरा. गल्ल्यावरचे मामू बघत होते. म्हणाले, "पुने में नै मिलती क्या जी?"

मिळते की मामू. पण तिथं ती पाकिटात असते.

धागा काढायचं कारण मात्र दुसरंच. खारी खाता खाता लक्षात आलं की लहानपणी आमच्या घरात बेकरीचा माल लाड म्हणून कधी आलाच नाही. आमची ज्वारीची भाकर, सकाळ-संध्याकाळ. पाव आला तर तो आजाऱ्यासाठी. मला चौथीत टायफॉईड झाला तेव्हा डॉक्टरांनी "दूध-पाव द्या" म्हणून सांगितलं आणि वडील वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून पाव घेऊन आले. शेजारच्या काकूंनी तो हातात बघितला आणि दारातूनच विचारलं, "कोण पडलंय हो?" पाव म्हणजे दुखणं, टोस्ट म्हणजे दुखण्यातून उठणं, खारी म्हणजे पाहुणे आणि नानकटाई म्हणजे दिवाळी. आपल्याला आवडतं म्हणून बेकरीत जाऊन उभ्यानं खाणं हे माझ्या पिढीनं सुरू केलं.

आजीचे नियम तर अजून कडक. खारी चालायची, बटर चालायचं, केक नाही. दर वेळी मामूंच्या वडिलांना विचारायची, "अंडं नाही ना रे बाबा?" ते दर वेळी तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "नाही अम्मा, मैदा, मीठ, पानी." डालड्याचं नाव दोघंही घेत नसत.

आणि आजोबा. त्यांना फक्त उस्मानिया बिस्कुट. आजोबा निजामाच्या राज्यात शिकलेले, शाळा-कॉलेज सगळं उर्दूतून, शेवटपर्यंत हिशेब उर्दू आकड्यांत लिहायचे. उस्मानिया विद्यापीठाची डिग्री होती त्यांच्याकडे. चहात बिस्कुट बुडवताना हमखास म्हणायचे, "माझ्या डिग्रीवर आणि ह्या बिस्कुटावर एकाच माणसाचं नाव आहे. डिग्रीपेक्षा बिस्कुट जास्त उपयोगी पडलं." मीर उस्मान अली खान, शेवटचे निजाम. पुढं सतरा सप्टेंबरला, म्हणजे निजामाचं राज्य गेलं त्या मुक्तिदिनाला, झेंड्याला जायचे ते पण हेच आजोबा. दोन्हींत त्यांना काही विसंगती वाटायची नाही, आणि आता विचार करतो तर मलाही वाटत नाही.

तुमच्या गावच्या बेकरीत काय मिळायचं, काय मिळतं, कोण काय खायचं, लिहा.

पूर्णा_जंक्शन

वा, दुखरी नस दाबलीत. आम्ही नांदेडचे. वडील रेल्वेत. मीटरगेज असताना अजिंठा एक्सप्रेसनं हैदराबादच्या काचीगुड्याहून येणारा कुणीतरी ओळखीचा गार्ड नाहीतर टीसी असायचाच आणि त्याच्या हातून उस्मानियाचा पुडा यायचा. पुडा म्हणजे साधा पुठ्ठ्याचा डबा, वर सुतळी. घरी येईपर्यंत निम्म्याची पावडर झालेली. आई ती पावडर दुधात कालवून धाकट्याला चारायची. आम्ही मोठे अख्ख्या बिस्कुटांवरून भांडायचो आणि लहान्याला सगळ्यात भारी माल मिळतोय हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

गोड का खारट हे जिभेला ठरवता येत नाही, हीच त्या बिस्कुटाची खुबी. नांदेडात आता मोप बेकऱ्यांत मिळतं. पण काही जण नुसती गोड करायलेत. ते चूक आहे. मीठ पाहिजेच.

बिंदुसरा

फोटो?

दुधनाकाठ

@बिंदुसरा फोन खिशातून काढायच्या आत खारी संपली.

कुंडलिका

मी जालन्याची, सध्या बेंगळुरूला. मुलगी इथंच वाढली. मागच्या मे महिन्यात आजोळी गेलो तर माझी आई तिला म्हणाली, "जा गं, बेकरीतून पाव किलो बटर आण." पोरगी जाऊन आली आणि हातातल्या पिशवीत ते टणक गोळे. तिला वाटलं दुकानदारानं फसवलं. परत जाऊन त्याला सांगते, "अंकल, बटर दो, ये तो ब्रेड है." त्यानं शांतपणे एक बटर फोडून तिच्या हातात दिलं आणि "चहात बुडव" म्हणाला.

आता पोरगी म्हणते बटरला बटर लावून दे. कसं समजवायचं!

बाकी बटर खायची आमच्या घरची पद्धत: चहाची बशी नाही, वाटी. दोन तुकडे करून टाकायचे, वर झाकण ठेवायचं, शंभर आकडे मोजायचे. नव्वदला उघडलं तर आत टणक राहतं. एकशेवीसला उघडलं तर लगदा.

भट्टीवाला

हा धागा बघून खातं उघडलं. दहा वर्षं नुसता वाचत होतो.

आमची बेकरी आहे. होती म्हणा, आता भाऊ बघतो आणि लाकडाची भट्टी पाडून रोटरी ओव्हन टाकलाय. गाव सांगत नाही, परभणी-हिंगोलीच्या मधलं समजा. दुधनाकाठ, तुम्हाला खारी चारलाच का मिळते हे सांगतो. कारण ते मामूंच्या मनावर नाही, भट्टीच्या मनावर आहे.

भट्टी म्हणजे आतून विटांची मोठी घुमटी. लाकूड आतच जाळायचं, आमच्याकडं बाभूळ आणि चिंच. रात्री एक-दीडला पेटवायची. विटा तापल्या की विस्तव ओढून बाजूला घ्यायचा आणि लांब बांबूला ओलं पोतं बांधून आतली फरशी पुसायची. मग आब्बा चिमूटभर मैदा आत फेकायचे. लगेच काळा पडला तर भट्टी फार गरम, थांबा. हळूहळू तांबूस झाला तर चला. थर्मामीटर आमच्याकडं पहिल्यांदा ओव्हनबरोबरच आला.

मग उष्णता जशी उतरत जाईल तसा माल लावायचा. आधी पाव, त्याला सगळ्यात जास्त ताव लागतो. मग बन. सकाळचं गिऱ्हाईक ह्यावर संपतं. दुपारी पुन्हा थोडं लाकूड घालून ताव चढवायचा आणि त्यावर खारी. म्हणून खारी तीन-चारला बाहेर पडते. तिच्यानंतर क्रीम रोलची नळकांडी, मग बिस्कुटं आणि नानकटाई, त्यांना मंद आच पाहिजे. सगळ्यात शेवटी रात्री टोस्ट. टोस्टचा पाव आदल्या दिवशीच भाजलेला असतो. त्याचे काप करून पत्र्यावर मांडायचे आणि उरलेल्या धगीवर भट्टीचं तोंड बंद करून रात्रभर सोडून द्यायचे. म्हणजे टोस्ट भाजत नाही, वाळतो. काही न जाळता फुकटच्या उष्णतेत होणारा माल, म्हणून तो स्वस्त. दुखण्यातल्या माणसाला टोस्ट देतात ते त्यात पाणी राहिलेलं नसतं म्हणून, टिकतो बिचारा.

खारीचं सांगतो. मैदा, मीठ, पाणी ह्याचा घट्ट गोळा. लाटून त्यावर मार्गारिन नाहीतर वनस्पती थापायचं आणि घडी घालायची. तिनाची घडी चार वेळा घातली की ३ गुणिले ३ गुणिले ३ गुणिले ३, एक्क्याऐंशी पदर. दर घडीला गोळा ओल्या फडक्याखाली झोपवायचा, नाहीतर लाटताना आखडतो आणि पदर फाटतात. भट्टीत गेल्यावर कणकेतल्या पाण्याची वाफ होते, ती बाहेर पडायला बघते, मधे चरबीचा थर आडवा येतो, म्हणून एकेक पदर वर उचलला जातो. खारी फुगते ती नुसत्या वाफेनं, त्यात सोडा नसतो न खमीर नसतं.

आणि खरं लोणी का वापरत नाहीत? एप्रिल-मे मधे आमच्याकडं बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री असतं. लोणी तिशी ओलांडली की घाम सोडतं आणि पस्तिशीत पातळ. घडी घालेपर्यंत ते टेबलावरून वाहून जाईल. वनस्पती जरा उशिरा वितळतं. ते सुद्धा उन्हाळ्यात आब्बा खारीचं काम पहाटे तीनला शहाबादी फरशीवर करायचे, फरशीवर आधी गार पाणी मारून पुसून घ्यायचे. मी बारा वर्षांचा असताना फरशी पुसायचं काम माझं. परीक्षेच्या दिवसांत सुद्धा.

तो मधला ओलसर पट्टा तुम्ही पकडलात, मान गये. आम्ही घरी तीच खारी खायचो. गिऱ्हाईकाला शक्यतो देत नाही, कारण पट्टा असलेली खारी पिशवीत बांधली की स्वतःच्या वाफेनं मऊ पडते आणि दुसऱ्या दिवशी तक्रार येते.

पूर्णा_जंक्शन

भट्टीवाला, दंडवत घ्या. दहा वर्षं गप्प बसल्याबद्दल दंड म्हणून नानकटाईवर पण लिहा.

तेरणा

रसभंग करतोय, माफी असावी. वरचं सगळं कबूल. पण डालडा हा शब्द इतक्या प्रेमानं घेऊ नका. माझ्या वडिलांचं रोजचं ठरलेलं होतं, दोन खारी, चार टोस्ट, दोन वेळा. चोपन्नाव्या वर्षी अँजिओप्लास्टी. नुसती खारीच कारण असं म्हणत नाही, बिड्या पण होत्या. पण जुन्या वनस्पतीत ट्रान्स फॅट किती असायचं हे आपल्यापैकी कुणी विचारलं होतं का? एफएसएसएआयनं (सरकारी अन्नसुरक्षा खातं) त्याची मर्यादा २०२१ मध्ये तीन टक्के आणि २०२२ पासून दोन टक्के केली. म्हणजे आपण बालपणी खाल्लेली खारी आज कायद्यात बसली नसती. पावात घालायचं पोटॅशियम ब्रोमेट २०१६ मध्ये बंद झालं, ते तर आपल्याला माहीत पण नव्हतं.

आठवणीतली चव भारी असते, कारण आठवणीत लिपिड प्रोफाइल नसतं.

बिंदुसरा

@तेरणा शेवटच्या वाक्याला टाळ्या. पण दोन खारी रोज आणि चार वाजता महिन्यातून एकदा ह्यात फरक आहे की नाही?

तेरणा

आहे. मी पण महिन्यातून एकदा खातो. वडिलांना सांगू नका.

भट्टीवाला

तेरणाभाऊ बरोबर बोलले. आता जे मार्गारिन येतं ते वेगळं असतं, त्याच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. फक्त एक विनंती, खारी घेताना बोटाला बघा. चांगल्या खारीचं बोट तेलकट होतं पण टाळूला मेण चिकटत नाही. टाळूला थर बसला, पाणी प्यायलं तरी जाईना, तर समजा स्वस्तातलं कडक फॅट आहे. ती घेऊ नका.

खाम_किनारा

संभाजीनगरकडून हजेरी. बेकरी म्हटलं की सगळे खारी-टोस्टवर उतरलेत, आमचा नान राहिला. नान-खलियातला नान हो, खलिया म्हणजे मटणाचा रस्सा. लोक खलियाबद्दल बोलतात, मटणाबद्दल बोलतात, मला विचाराल तर अर्धी गंमत नानात आहे. तंदूरच्या भिंतीला लावून भाजलेला, गोल, बोटभर जाड, आतून पावासारखा सच्छिद्र आणि वरून हळद-गुळाचं पाणी फिरवलेलं, त्यामुळं पिवळाधमक चकाकतो. जुन्या गावात सकाळी गेलात तर नानांच्या चळती लावलेल्या दिसतात आणि लग्नघरची माणसं टोपल्यानं नेत असतात.

महंमद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, त्या लष्कराच्या भटारखान्यातून हे आलं असं आमच्याकडं सांगतात. तुघलक परत गेला, नान राहिला.

मी शाकाहारी आहे, कृपया हसू नये. घरी मित्रांकडून नान येतो, मी तो सकाळी चहाबरोबर खातो. थोडा शिळा झालेला नान, तव्यावर तूप सोडून, वर साखर. माझा मित्र म्हणतो हा नानाचा अपमान आहे. असेल.

कुंडलिका

शिळा नान तुपावर! आज रात्री झोप येणार नाही.

मांजरा_८५

लिहू की नको असं वाटत होतं. पाव म्हणजे आजारपण, हे वाचून लिहितोय.

आम्ही औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३. मी आठ वर्षांचा. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या आत भुकंप. आमचं घर मातीचं, धाब्याचं. आम्ही वाचलो. सगळे नाही. नंतरचे बरेच दिवस चूल नव्हतीच. ट्रक यायचे, ट्रकमधून पाव यायचे. लादीचे पाव, ब्रेडचे पुडे, बिस्किटांची खोकी. आयुष्यात एवढा पाव मी कधी बघितला नव्हता. पहिल्या दिवशी, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. आठ वर्षांच्या पोराला आनंद होतो. पावसात तो पाव भिजायचा आणि त्याचा एक आंबूस वास सगळीकडं.

स्लाइसचा ब्रेड मला अजून खाववत नाही. बायको सँडविच करते तेव्हा मी भाकर मागतो. खारी, बटर, टोस्ट चालतं. ते कोरडं असतं.

दुधनाकाठ

@मांजरा_८५ लिहिलंत ते बरं केलंत.

मोंढा_नाका

दोन दिवस धागा वाचतेय, नानकटाई कुणी घेईना म्हणून मीच घेते.

आमच्या गावात दिवाळीच्या आधी आठ दिवस बेकरीत गिऱ्हाइकांचाच माल भाजला जायचा. (कुणी नानकटाई म्हणा, कुणी नानखटाई, आमची आई 'नानकट्या' म्हणायची.) घरून सामान न्यायचं: किलोभर मैदा, पाऊण किलो तूप, पाऊण किलो पिठीसाखर, वाटीभर बेसन, वाटीभर बारीक रवा, वेलदोडा-जायफळाची पूड, चिमूटभर सोडा. बेकरीवाला फक्त पत्रे द्यायचा आणि भाजायचे पैसे घ्यायचा, किलोवर. तूप फेटायचं काम बायकांचं. परातीत तूप घेऊन तळव्यानं घासत राहायचं, पिवळं तूप पांढरंशुभ्र होऊन हातातून सुटायला लागलं की मग साखर. आई म्हणायची, तूप कंटाळलं पाहिजे, आपण नाही. बेकरीच्या मागच्या पडवीत पंधरा-वीस बायका, प्रत्येकीची परात, प्रत्येकीचं दुसरीच्या तुपाकडं लक्ष. कुणी डालडा आणलाय ते वासावरून कळायचं पण बोलायचं कुणी नाही. घरी गेल्यावर बोलायचं.

गोळे करून पत्र्यावर मांडायचे, पत्र्याला चुन्यानं नंबर टाकायचा आणि आपला डबा खाली ठेवून जायचं. रात्री दहाला न्यायला या.

१९९८ किंवा ९९ असेल. आमचा पत्रा सतरा नंबरचा. रात्री वडील डबा घेऊन आले, आईनं झाकण उघडलं आणि म्हणाली, "ह्या आपल्या नाहीत." वडील म्हणाले, कशावरून, सगळ्या सारख्याच दिसतात. आईनं एक उचलून दाखवली. आमची आई डावखुरी. गोळा पत्र्यावर ठेवला की अंगठ्यानं दाबायची आणि तो खड्डा दर वेळी एका बाजूला कललेला यायचा. ह्या डब्यातल्या सगळ्या अगदी सरळ दाबलेल्या, मधोमध, वर चारोळी. चवीला घेतली तर डालडा. आईनं आठवडाभर लोणी साठवून घरी कढवलेलं अर्धा किलो तूप घातलं होतं, उरलेलं पाव किलो शेजारून उसनं आणलेलं.

वडील परत गेले. बेकरीवाला कानावर हात ठेवून मोकळा. "नंबर पुसले गेले असतील, आमची काय चूक." सतरा नंबर कुणी नेला ते त्याला माहीत नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं. त्या दिवाळीत आई ज्या ज्या घरी फराळाला गेली तिथं तिनं आधी नानकटी उलटसुलट करून बघितली. पाचव्या की सहाव्या घरी सापडली. बशीत, कललेला खड्डा.

पूर्णा_जंक्शन

आणि???

मोंढा_नाका

आणि काय. ते घर आमच्या वर्गशिक्षिकेचं. आई दोन खाऊन, "छान झाल्यात हो, तूप घरचं वाटतं" म्हणून उठली.

तेरणा

हसून हसून पुरेवाट. हा बदला डालड्यापेक्षा घातक आहे.

भट्टीवाला

मोंढाताई, चुन्याचे नंबर धगीनं उडतात, हे प्रत्येक बेकरीत झालंय. आमच्याकडं एकदा दोन सख्ख्या जावांचे पत्रे बदलले आणि मिटवायला आब्बांना त्यांच्या घरी जावं लागलं. त्यानंतर आम्ही पत्र्याच्या कडेला खिळ्यानं आकडे कोरून घेतले. तुमच्या बेकरीवाल्यानं नंबर तपासायला हवे होते, चूक त्याचीच.

पूर्णाभाऊंनी सांगितलेला दंड भरतो. नानकटाई पसरून सपाट झाली तर तूप जास्त किंवा भट्टीचा ताव कमी. वर तडे गेले नाहीत तर रवा-बेसन कमी पडलं. तळाला काळी आणि वरून पांढरी राहिली तर पत्रा थेट फरशीवर ठेवलाय, खाली उलटा पत्रा घालायला पाहिजे होता. आणि निघाल्या निघाल्या हात लावायचा नाही, गरम नानकटाई रेतीसारखी सुटते. पत्र्यावरच गार होऊ द्यायची.

कुंडलिका

वाढदिवसाचा केक पण लिहा कुणीतरी. आमच्या जालन्याच्या केकवर डालड्याच्या आयसिंगची गुलाबी फुलं असायची, इतकी कडक की ती फुलं काढून बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी बाहुलीच्या लग्नात वापरली आहेत. वर चांदीच्या गोळ्या. आणि माझं नाव ऋतुजा नाही हे इथं सांगून टाकते, पण माझ्या बहिणीचं आहे, आणि तिच्या एकाही केकवर ते बरोबर आलं नाही. रुतूजा, रितूजा, एकदा नुसतं 'रूतू'. जागा संपली म्हणे.

बिंदुसरा

आमच्या बीडला केकवाला विचारायचा, "इंग्लिश में लिखूं या मराठी में?" मराठी म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा.

खाम_किनारा

अवांतर: पावसाळ्यात मऊ पडलेल्या खारीला काय करता? आमच्याकडची हवा कोरडी, एरवी डब्यात आठवडा निघतो, पण श्रावणात दोन दिवसांत चिवट.

भट्टीवाला

जाड तवा मंद आचेवर, खारी ठेवा, झाकण नको, तीन-चार मिनिटं, एकदा उलटा. मग गार होऊ द्या, गरम असताना मऊच लागते. गार झाली की कडक. मायक्रोवेव्ह नको, अजून चिवट होते.

दुधनाकाठ

आज परतीची गाडी आहे म्हणून सकाळीच मामूंकडं जाऊन आलो. चार वाजायची वाट बघायला वेळ नव्हता, त्यामुळं कालची खारी आणि अर्धा किलो उस्मानिया. पूर्णाभाऊ, मीठ आहे, तपासून घेतलं.

मोंढाताईंची गोष्ट मामूंना सांगितली. खूप हसले. मग मी विचारलं, अजून घरचं सामान भाजून देता का? पोरं नको म्हणतात, म्हणाले, सगळ्यांना पाकीटबंद पाहिजे, दोन-चारच घरं येतात. पण यायचं असेल तर दसऱ्यानंतर नंबर लावा. तूप तुमचं, पत्रा आमचा. "और अपने बिस्कुट पे अपना निशान करो जी. बाद में हमकू नै बोलना."

बायकोला फोन करून सांगितलं. ती विचारते, निशाण म्हणजे काय करायचं?

मोंढा_नाका

चारोळी लावू नका, ती सगळेच लावतात.

पूर्णा_जंक्शन

वहिनी डावखुऱ्या आहेत का?

दुधनाकाठ

नाही. मी आहे.

मोंढा_नाका

मग तूप पण तुम्हीच फेटा.